अंबड रस्त्यावरच्या व्यसनमुक्ती घरात माझे नव्वद दिवस

जालन्याहून अंबडकडं निघालं की मोसंबीच्या बागा लागतात. तिथं रस्त्यापासून थोडं आत एक जुनं दगडी घर आहे आणि त्याला लागून पत्र्याची लांब खोली. फाटकावर हातभर क्रूस, बाकी पाटी वगैरे काही नाही. मागच्या वर्षी फेब्रुवारीत मी तिथं भरती झालो आणि मे महिन्यात घरी आलो. घराचं नाव मी लिहिणार नाही. तिथं राहिलेली माणसं याच जिल्ह्यातली आहेत, गावं लहान आहेत, आणि कोण तीन महिने कुठं होता हे लोक लगेच जुळवतात. खरी गरज असेल त्यानं जालन्यातल्या एखाद्या चर्चच्या पाळकसाहेबांना गाठावं, ते रस्ता सांगतील.

हे लिहायला मला बायकोनं सांगितलं. ती माझ्यासाठी जागा शोधत होती तेव्हा तिला दोनच प्रकारचं ऐकायला मिळायचं. कुणी म्हणायचं, तिथं नेलं की माणूस पार बदलून येतो. कुणी म्हणायचं, तिथं मारतात, बांधून ठेवतात. आत डॉक्टर येतो का, जेवायला काय असतं, प्रार्थनेची सक्ती आहे का, पैसे किती लागतात, हे कुणी सांगेना. तिला तेव्हा जे कळायला हवं होतं ते मी इथं लिहितोय.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी जालन्यातल्या सळईच्या कारखान्यात रोलिंगवर सतरा वर्षं काम केलं. रात्रपाळी सुटली की गेटबाहेरच्या टपरीवर पहिली क्वार्टर, घरी पोचायच्या आत दुसरी. शेवटच्या तीन वर्षांत सकाळी उठल्यावर हात थरथरायचे म्हणून तोंड धुवायच्या आधी नव्वदी लागायची. आमचं घर ख्रिस्ती, पणजोबांपासून. पणजोबा बेथेलचे. नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण माणसानं १८४३ साली बाप्तिस्मा घेतला, पुढं स्कॉटिश मिशनतर्फे जालना भागात काम केलं आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल वसवलं. ही कथा मी आजीच्या मांडीवर ऐकलेली. संडे स्कूलमध्ये पाठांतराचं बक्षीस मला दरवर्षी मिळायचं. बायबलमधलं तेविसावं स्तोत्र मी नशेतही न अडखळता म्हणायचो, आणि बायको ते ऐकून रडायची. म्हणून कुणी मला म्हणालं की देवाचं वचन वाचा म्हणजे दारू सुटेल, तर मला काय बोलावं सुचत नाही. वचन माझ्या तोंडात होतंच, दारूही सुटत नव्हती.

अंबड रस्त्याच्या घराआधी मी दुसरीकडं एकदा जाऊन आलो होतो. ते घर नव्हतं, मोठी प्रार्थना सभा होती. तिथल्या एका सेवकानं डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, आता गोळ्या, डॉक्टर काही नको, गोळ्या घेणं म्हणजे देवावर भरवसा नसणं. मी त्याच संध्याकाळी दारू एकदम बंद केली. दुसऱ्या रात्री घरात फिट आली. जीभ चावली गेली, उशी रक्तानं भरली, पोरानं ते सगळं बघितलं. त्या सभेचं नाव मला इथं नको आहे. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम थांबवलं की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान माणसाला भिंतीवर किडे दिसायला लागतात, भलतीच माणसं दिसायला लागतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. हे मला त्या रात्रीनंतर डॉक्टरांनी सांगितलं. कुणीतरी हे सभेच्या आधी सांगायला हवं होतं.

म्हणून या घराची पहिली गोष्ट जी मला पटली, ती म्हणजे त्यांनी मला पहिल्या दिवशी घेतलंच नाही.

घर चालवणारे काका निवृत्त शिक्षक आहेत. त्यांची स्वतःची दारू सुटून एकोणीस वर्षं झालीत. त्यांनी मला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "शेवटची कधी घेतली?"

"सकाळी. निघताना."

"मंग आज इथं नाही राहायचं. आधी दवाखाना. हात बघ तुझे."

मला राग आला. म्हणालो, "काका, मी प्रार्थनेसाठी आलोय, दवाखान्यासाठी नाही."

"प्रार्थना मी करतोच की. तू गाडीत बस."

संभाजीनगरला एका दवाखान्यात सात दिवस काढले. रोज बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, आणि थरथर थांबवायच्या गोळ्या, ज्या दर दिवसाला कमी करत नेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बायकोला एक गोष्ट नीट समजावली, ती मी इथं मुद्दाम लिहितो, कारण आमच्याकडं पिणारा पडला की गावातला डॉक्टर आधी सलाईन लावतो. खूप वर्षं पिणाऱ्याच्या अंगात बी-वन संपलेलं असतं. ते न देता नुसती साखरेची सलाईन चढवली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आधी बी-वन, मग सलाईन. नातेवाइकांनी एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे.

आठव्या दिवशी काका स्वतः न्यायला आले.

खोलीत सोळा खाटा. मच्छरदाणी प्रत्येकाला आहे, पण जुन्या आहेत, माझीला दोन भोकं होती. दाराला बाहेरून कडी नाही. हे बायकोनं पहिल्या भेटीत हात लावून बघितलं, आणि तुम्हीही बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं माणसाला साखळीनं बांधायला बंदी केली आहे. ज्या जागेत खिडकीला गज आणि दाराला बाहेरून कुलूप आहे, तिथं बायबल असो की आणखी काही, माणूस ठेवू नका. इथून माझ्या काळात दोघं निघून गेले. काका फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेले, गाडीभाडं दिलं आणि परत आले. त्यातला एक बावीस दिवसांनी पुन्हा आला.

सकाळी साडेपाचला घंटा. अंघोळ, मग ओसरीवर सतरंजी टाकून प्रार्थना, अर्धा तास. एक गीत, शास्त्राचा एक छोटा भाग, दोन मिनिटं गप्प, मग प्रभूची प्रार्थना. त्यानंतर चहा. काम सगळ्यांना असतं, बागेत पाणी देणं, झाडणं, काकूंना स्वयंपाकघरात मदत. दुपारी जेवण, झोप. चारला गटात बसून बोलणं. संध्याकाळी पुन्हा प्रार्थना, पण ती ज्याला यायचं त्याला.

जेवणाबद्दल जरा लिहितो, कारण दारू सोडलेल्याला भूक परत येणं ही मोठी गोष्ट असते. काकूंच्या हातची ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, आठवड्यातून एकदा येसर आमटी, रविवारी कोंबडी. पहिल्या पंधरा दिवसांत मला अर्धी भाकरी जात नव्हती. महिन्यानंतर चार जायला लागल्या. भाकरी थापायला काकूंनी मला शिकवलं. माझी गोल कधी झाली नाही, पण फुगायला लागली.

आणि याच भाकरीवरून काकांनी मला जे दिलं ते मी घेऊन बाहेर आलो.

विसाव्या दिवसाच्या आसपास माझ्या डोक्यात एकच विचार फिरत होता. आता आयुष्यभर नाही? पोराच्या लग्नात नाही? मिलच्या रात्रपाळीनंतर नाही? कधीच नाही? हा विचार आला की घाम फुटायचा. काकांना सांगितलं. ते स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याजवळ बसले होते. म्हणाले, "प्रभूची प्रार्थना म्हण बरं. भाकरीपर्यंत."

मी म्हणालो. आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.

"आयुष्यभराची भाकर माग म्हनलंय का कुठं?"

मी गप्प.

मग त्यांनी बायबलच्या निर्गम पुस्तकातली मान्नाची गोष्ट काढली. रानात लोकांना रोज सकाळी दवासारखं अन्न मिळायचं, ज्याला जेवढं लागेल तेवढं गोळा करायचं. काहींनी उद्यासाठी राखून ठेवलं तर त्यात किडे पडले. ही गोष्ट मला पाचवीपासून माहीत होती, परीक्षेत लिहिली होती. पण पिठाचे हात झटकत काका म्हणाले, "तू उद्याचं न पिणं आजच गोळा करायला निघालायस. त्यात किडेच पडणार. आजचं गोळा कर. संध्याकाळ झाली की मला येऊन सांग, आजचं झालं म्हणून." तेव्हापासून रोज संध्याकाळी मी त्यांना सांगायला जायचो. "काका, आजचं झालं." ते मान हलवायचे. कधी काही बोलायचे, बहुतेक वेळा नाही. अजूनही रात्री साडेनऊला मी फोनवर तेवढंच सांगतो.

मला माझा विश्वास लहानपणापासून मोठ्या मापात शिकवला होता. तारण, नवा जन्म, अंधारातून उजेडात. मी दारू पीत होतो तेव्हाही त्या मापाच्या शपथा घ्यायचो, वेदीसमोर गुडघे टेकून, कायमची सोडली म्हणून, आणि आठ दिवसांत मोडायचो. या घरानं माझ्याकडून एकही शपथ घेतली नाही. त्यांनी माझा विश्वास एका दिवसाच्या मापाचा करून दिला, आणि मला तोच पेलला.

प्रार्थनेच्या सक्तीबद्दल लोक विचारतात, कारण आजकाल ख्रिस्ती घर म्हटलं की धर्मांतराची शंका पहिली. सकाळच्या अर्ध्या तासाला सगळ्यांनी सतरंजीवर बसायचं, हा नियम आहे. डोळे मिटायचे, हात जोडायचे, म्हणायचं, यातलं काहीही सक्तीचं नाही. माझ्या शेजारच्या खाटेवर परतूरकडचा माळकरी होता, सगळे त्याला माऊली म्हणायचे. पलीकडं एक ट्रक चालवणारे चाचा. चाचा पहाटेची नमाज ओसरीच्या दुसऱ्या टोकाला पढायचे आणि मग सतरंजीवर येऊन बसायचे. माऊलींची माळ त्यांच्या गळ्यातच होती, काकूंनी उलट तुटलेला दोरा नवीन ओवून दिला. तीन महिन्यांत कुणी कुणाला बाप्तिस्म्याचं विचारलं नाही. काकांचं म्हणणं, दारूच्या धक्क्यात असलेल्या माणसाकडून असला होकार घेऊच नये.

गीतांची गंमत माऊलींमुळं आली. आमच्या उपासनेत नारायण वामन टिळकांची भजनं असतात. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण लिहिलं अभंग-ओवीच्याच चालीत, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो असं ते म्हणत. पहिल्या दिवशी माऊली नुसते बसले होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बोटांनी गुडघ्यावर ठेका धरला. आठवड्याभरात कपाटातला जुना मृदंग त्यांनी काढला, शाई नीट केली, आणि पुढचे दोन महिने आमची सकाळ त्यांच्या हातावर चालली. संध्याकाळी ते हरिपाठ म्हणायचे, तेव्हा काका खुर्ची ओढून ऐकायला बसायचे.

गुरुवारी जालन्यातून एएची, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेची माणसं यायची. ही बैठक मला सुरुवातीला नको वाटायची. मला वाटायचं, आपल्याकडं ख्रिस्त आहे, मग यांच्या दारू सोडायच्या बारा पायऱ्या कशाला? काकांनी मग सांगितलं की त्या पायऱ्या आपल्याच घरातून निघाल्यात. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही दारूनं बुडालेले, एकमेकांना भेटले. दोघंही ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीत जाणारे. आपली चूक दुसऱ्यापाशी कबूल करायची, नुकसान भरून द्यायचं, हे त्यांनी तिथूनच उचललं. सुरुवातीचे लोक बायबलमधलं याकोबाचं पत्र इतक्यांदा वाचायचे की काहींना संघटनेला याकोबाचंच नाव द्यायचं होतं. पुढं १९३९ मध्ये पुस्तक छापताना त्यांनी 'आम्हाला उमगेल तसा देव' असं लिहिलं, म्हणून चाचा आणि माऊलीही त्याच वर्तुळात बसू शकत होते.

पाचवी पायरी म्हणजे आपल्या चुकांचं नेमकं स्वरूप देवापुढं, स्वतःपुढं आणि आणखी एका माणसापुढं कबूल करणं. देवापुढं मी हजारदा कबूल केलं होतं. माणसापुढं एकदाही नाही. त्रेपन्नाव्या दिवशी, विहिरीच्या कठड्यावर, काकांपुढं मी अडीच तास बोललो. काय बोललो ते इथं लिहायचं नाही, एक सोडून. धाकट्या बहिणीची बोरमाळ मी तिच्या कपाटातून काढून सोनाराकडं मोडली होती, आणि घरात कामाला येणाऱ्या बाईवर आळ गेला तेव्हा गप्प बसलो होतो. ती बाई काम सोडून गेली. हे सांगताना माझ्या तोंडाला कोरड पडली. काकांनी उपदेश केला नाही. लोटा भरून पाणी दिलं आणि म्हणाले, "जक्कय काय म्हणला होता?"

जक्कय जकातदार, लोकांना लुबाडलेला. प्रभू त्याच्या घरी जेवायला आला तेव्हा तो उभा राहून म्हणाला की ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत देतो. मला लहानपणी ती उंबराच्या झाडावर चढलेल्या बुटक्या माणसाची मजेची गोष्ट वाटायची.

आता प्रभुभोजनाचं, म्हणजे उपासनेत येशूची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेतात त्याचं. ख्रिस्ती घरातल्या पिणाऱ्यांना हा प्रश्न नक्की पडतो आणि कुणी उघड बोलत नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत प्याल्यात खरा द्राक्षारस असायचा, थोडासा. मला त्या एका घोटाची भीती होती आणि त्या भीतीची लाज होती. प्रभूच्या प्याल्याला घाबरतो तो कसला ख्रिस्ती, असं मनात यायचं. दुसऱ्या महिन्यात काकूंनी शनिवारी रात्री काळ्या मनुका भिजत घातल्या. सकाळी कुस्करून, उकळून, गाळून रस काढला. मी गाळणं धरून उभा होतो. म्हणालो, "काकू, हा चालतो का?" त्या म्हणाल्या, "कामून नाही चालत? तुझ्यासाठी केला तर तोच चालतो." उकळल्यामुळं तो आंबत नाही, वासही साखरेच्या पाकासारखा येतो. त्या रविवारी मी चार वर्षांनी प्याला घेतला. हात थरथरला, पण ती थरथर वेगळी होती. घरी आल्यावर मी आमच्या पाळकसाहेबांना जाऊन भेटलो आणि सरळ सांगितलं. त्यांनी आता सगळ्या मंडळीसाठीच मनुकांचा रस ठेवलाय. त्यानंतर दोन माणसं, जी कित्येक वर्षं प्याल्याच्या वेळी बाहेर जाऊन उभी राहायची, ती आत थांबायला लागली. मी त्यांना काही विचारलं नाही.

औषधाबद्दल या घराची आणखी एक सवय सांगायला हवी. आमच्याकडं बायका-आया हतबल होऊन चहात, भाजीत न सांगता पूड कालवतात. बऱ्याचदा त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असतं. ते पोटात असताना दारू घेतली तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब पडतो, माणूस दगावूही शकतो. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीत आणि घेणाऱ्याला सांगूनच द्यायचं असतं. भेटीच्या दिवशी एक आई काकूंकडं अशी पुडी घेऊन आली होती. काकूंनी ती चुलीत टाकली आणि तासभर तिच्याजवळ बसून राहिल्या.

तक्रारीही आहेत आणि त्या मी काकांनाही सांगितल्यात.

मानसोपचाराचे डॉक्टर महिन्यातून दोनदाच येतात. हे कमी आहे. माझ्याच काळात एका पोराला रात्रभर झोप नव्हती, मरणाचं बोलत होता, आणि डॉक्टर यायला पाच दिवस होते. काकांनी त्याला गाडीत घालून नेलं हे खरं, पण प्रत्येक वेळी काका जागे असतीलच असं नाही. रात्री ज्याला जबाबदारी द्यावी असा शिकलेला माणूस तिथं हवा.

पहिले एकवीस दिवस फोन बंद. कारण मला पटतं, पहिल्या आठवड्यात मी फोन करून कुणाकडून तरी बाटली मागवली असती. पण माझ्या पोराला डेंग्यू झाला आणि मला तो बरा झाल्यावर कळलं. बायकोनं एकटीनं सगळं काढलं. आजारपणाचा निरोप तरी पोचवायला हवा होता. या नियमाला अपवाद करायची सोय व्हायला पाहिजे.

तिसरं मला सगळ्यात जास्त लागलं. महिन्यातून एकदा बाहेरगावच्या मंडळ्यांचे लोक येतात, देणगी देतात, आणि मग आमच्यातल्या कुणीतरी उठून साक्ष द्यायची असते. देवानं मला कसं सोडवलं ते सांगायचं. मला पंचवीस दिवस झाले होते, आणि एका पाहुण्यानं मोबाईल धरून म्हटलं, "बोला भाऊ, तुमचा चमत्कार सांगा." मी उभा राहिलो, तोंडातून शब्द फुटेना. पंचवीस दिवसांच्या माणसाकडं चमत्कार नसतो, त्याच्याकडं पंचवीस दिवस असतात. शिवाय असं टाळ्या घेऊन बोललेला माणूस पुन्हा घसरला तर तोंड दाखवायला परत येत नाही. काकांनी त्या दिवशी मला खाली बसवलं आणि चित्रीकरण थांबवायला लावलं, पण साक्षीची प्रथा चालूच आहे, देणगीवर घर चालतं म्हणून. वर्ष पूर्ण झाल्याशिवाय कुणालाही उभं करू नये, असं माझं ठाम मत आहे.

बायांसाठी सोय नाही. आमच्या भागात पिणाऱ्या, तंबाखू-मिश्रीत अडकलेल्या, झोपेच्या गोळ्यांना लागलेल्या बाया नाहीत असं नाही, त्या घरातच कोंडलेल्या असतात. संडास तीन, माणसं सोळा. एप्रिलपासून विहीर आटते, मग टँकरवर. अंघोळीला अर्धी बादली. हे उन्हाळ्यात जाणाऱ्यानं मनाशी धरून जावं.

खर्च महिन्याला साडेआठ हजार, जेवणासकट. औषधं वेगळी, मला महिन्याला नऊशेच्या आसपास लागली. दवाखान्याचे सात दिवस वेगळे. परवडत नसेल तर काकांशी बोला, माऊलींचे अर्धेच घेतले होते. पावती मिळते. नोंदणीचा कागद ओसरीच्या भिंतीवर लावलेला आहे, कुठल्याही केंद्रात गेलात तर तो आधी मागा. आणि कुठं न्यायचं हेच कळत नसेल तर सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत नंबर १४४४६ आहे, मन फार बिघडलं असेल तर टेली-मानसचा १४४१६. बायकोला तेव्हा हे दोन्ही माहीत नव्हते.

कुणी जावं? ज्याला शास्त्र, प्रार्थना ऐकताना अंगावर काटा येतो, चिडचिड होते, त्यानं नको. त्याच्यासाठी दुसऱ्या चांगल्या जागा आहेत, पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे. पण जो माझ्यासारखा विश्वासात वाढला आणि दारूमुळं देवापुढं यायलाच लाजतो, त्यानं इथं जरूर जावं. योहानाच्या शुभवर्तमानात बेथेसदाच्या तळ्याकाठी एक माणूस अडतीस वर्षं पडून आहे. येशू त्याला पहिलं काय विचारतो, तर तुला बरं व्हायची इच्छा आहे काय. तो माणूस हो म्हणतच नाही, मला पाण्यात उतरवायला कुणी नाही एवढंच सांगतो. पहिल्या महिन्यात मीही हो म्हणालो नव्हतो. या घरानं मला तरी ठेवून घेतलं.

बाहेर आल्यावर सातव्या महिन्यात मी एकदा घसरलो. मिलमधला जोडीदार वारला, मातीवरून येताना प्यालो. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना फोन केला. मला वाटलं, शिव्या बसतील किंवा पहिल्यापासून भरती व्हायला सांगतील. त्यांनी विचारलं, "आता घेतलीय का?" नाही म्हणालो. "मंग डॉक्टरकडं जाऊन ये, आणि संध्याकाळी आजचं सांग." त्या संध्याकाळपासून मोजलं तर आज सहा महिने चार दिवस झाले. मिलमध्ये मी दिवसपाळी मागून घेतली, पगार थोडा कमी आहे. पहिल्या शनिवारी घराकडं जातो, जुन्यांची बैठक असते. लांबच्या तालुक्यातली माणसं त्या बैठकीला पोचू शकत नाहीत, एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातं, आणि तीच जास्त घसरतात. त्यांच्यासाठी तालुक्याच्या गावी एखाद्या मंडळीच्या खोलीत बैठक सुरू करायची असं आम्ही तिघं बोलतोय, माऊली त्यात आहेत.

बोरमाळेचं आजच्या भावानं चौपट माझ्यानं होणार नाही. काकांनी सांगितलं, जेवढं होईल तेवढं, पण हातात नेऊन द्यायचं. कामाच्या बाईला मी शोधलं, ती आता घनसावंगीकडं लेकीकडं राहते. बहीण आणि मी दोघं गेलो. मी तिच्यापुढं उभं राहून सांगितलं की माळ मी घेतली होती. तिनं पदर डोळ्याला लावला, आम्हाला चहा केला, आणि माझ्याशी शेवटपर्यंत बोलली नाही. तो तिचा हक्क आहे.

बहिणीला दर महिन्याच्या दहा तारखेला दोन हजार देतो. परवा आठवा हप्ता झाला. ती न मोजता पिठाच्या डब्यामागच्या बरणीत टाकते. मी मात्र तिच्यासमोर प्रत्येक वेळी मोजून देतो.